मोठ्या नदीतला मत्स्यसाठा: किती धरायचे आणि कुठले

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोठ्या नदीत आकाराने मोठा, उशिरा वयात येणारा मासा आहे. वहनक्षमता, म्हणजे नदी जास्तीत जास्त जेवढे मासे पोसू शकते तो आकडा, १,००,००० धरला आहे आणि वाढीचा दर वर्षाला ०.२. लॉजिस्टिक समीकरणातून (वर्षाची वाढ = दर × साठा × वहनक्षमतेतला रिकामा हिस्सा) उत्तर येतं की साठा ५०,००० वर ठेवला तर वर्षाला ५,००० मासे कायम धरता येतील. मग मासेमारीचा कोटा ५,००० ठेवावा का, आणि ठेवला तर साठा खरंच तिथेच थांबेल का?

गणित बरोबर आहे. कोटा मात्र ५,००० ठेवू नका.

हे समीकरण व्हरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलं होतं. मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये त्यातून मासेमारी वजा केली आणि तेव्हापासून मत्स्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते डोंगरासारखं वक्र काढायला लावतात. साठा निम्म्यावर असताना वाढ सर्वांत जास्त, म्हणून तिथे उभं राहा आणि वाढ तेवढी काढून घ्या, असा त्याचा अर्थ लावला जातो. अडचण अशी की निश्चित कोटा असेल तर डोंगराचा माथा ही उभं राहायची जागाच नाही. एका बाजूला सरकलात तर परत याल, दुसऱ्या बाजूला सरकलात तर परत येणं नाही.

आकडे तुमचेच घेऊ. एका कोरड्या वर्षामुळे साठा ५०,००० ऐवजी ४५,००० वर आला. त्या वर्षीची नैसर्गिक वाढ ४,९५०, आणि तुम्ही धरले ५,०००. तूट ५० माशांची. एवढी तूट कुठल्याही मोजणीत दिसणार नाही. ४०,००० वर तूट २००, ३०,००० वर ८००, २०,००० वर १,८००. आता याला वेळ लावून बघा. दुसरं काहीही बिघडलं नाही असं धरलं तरी ४५,००० वरून ४०,००० वर यायला सुमारे ५० वर्षं लागतात. तिथून ३०,००० वर यायला २५, पुढे २०,००० वर यायला ८, आणि २०,००० वरून पार तळाला जायला ७ वर्षंसुद्धा पुरतात. म्हणजे पहिल्या दोन पिढ्या सगळे म्हणणार की कोटा व्यवस्थित बसला आहे, आणि ज्याच्या कारकिर्दीत साठा कोसळेल त्याच्यावर खापर फुटेल. प्रत्यक्षात नदीत वाईट वर्षं एकापाठोपाठ येतात, त्यामुळे ५० वर्षांची वाट बघावी लागत नाही.

आता आकडा न ठरवता हिस्सा ठरवा. दरवर्षी साठ्याच्या १० टक्के. ४५,००० वर असताना धराल ४,५००, वाढ तीच ४,९५०, म्हणजे साठा ४५० ने वर येतो. काही न करता आपोआप ५०,००० कडे सरकतो. कागदावरचं उत्पन्न दोन्हीकडे तेच, ५,०००. फरक फक्त चुकल्यावर कळतो. म्हणून पहिलं सांगणं हे: परवानगी आकड्यात देऊ नका, मोजलेल्या साठ्याच्या टक्क्यांत द्या. मच्छीमारांच्या हाती शेवटी आकडाच जाणार हे खरं, पण तो दरवर्षी मोजणीनंतर नव्याने निघाला पाहिजे.

टक्के किती, इथे मी १० नाही म्हणेन. कारण तुमचा ०.२ हा दर कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उशिरा वयात येणाऱ्या माशासाठी तो मला सढळ वाटतो. खरा दर ०.१ निघाला तर १० टक्के हिस्सासुद्धा साठा शून्याकडे नेतो. ६ टक्के घेतले तर? दर ०.२ असेल तर साठा ७०,००० वर स्थिरावतो आणि ४,२०० मासे मिळतात. दर ०.१५ असेल तर ६०,००० आणि ३,६००. अगदी ०.१ असला तरी ४०,००० वर साठा टिकतो. सगळं मनासारखं घडलं तर ८०० मासे कमी मिळाले, एवढीच या सावधपणाची किंमत. शिवाय ७०,००० चा साठा असेल तर जाळं टाकल्यावर मासा लवकर लागतो, त्यामुळे इंधन आणि मेहनत वाचते. पीटर लार्किन यांनी १९७७ मध्येच ‘कमाल शाश्वत उत्पादन’, म्हणजे साठा न घटवता दरवर्षी जास्तीत जास्त काढता येईल तेवढं काढायचं, या कल्पनेचा मृत्युलेख लिहिला होता. कल्पना अजून मेलेली नाही हा भाग वेगळा.

दर तपासायचा एक ढोबळ मार्ग वयावरून जातो. ज्या माशाचं आयुष्य लांब, त्याचा नैसर्गिक मृत्युदर कमी, आणि ज्याचा मृत्युदर कमी त्याची भरपाईही सावकाश. होएनिग यांनी १९८३ मध्ये दिलेल्या वय आणि मृत्युदर यांच्या संबंधानुसार कमाल वय ८० वर्षं असलेल्या माशाचा नैसर्गिक मृत्युदर वर्षाला साधारण ५ टक्क्यांच्या आसपास येतो. जॉन गलंड यांचा जुना ठोकताळा सांगतो की कमाल उत्पन्न म्हणजे मूळ साठा गुणिले मृत्युदर, त्याच्या निम्मं. १,००,००० साठी ते २,५०० येतं, ५,००० नव्हे. म्हणजे तुमचा मासा असा दीर्घायुषी असेल तर उत्पन्न निम्मं, आणि त्याबरोबर तुमचा ०.२ थेट ०.१ झाला. आणि नंतरच्या अभ्यासकांना गलंड यांचा ठोकताळाही उदार वाटला.

म्हणून आधी वय वाचा. बहुतेक माशांचं वय ओटोलिथवरून, म्हणजे कानातल्या चुनखडीच्या खड्यावरून काढतात. त्यासाठी मासा मारावा लागतो. स्टर्जनसारख्या मोठ्या, दीर्घायुषी माशात पंखाच्या पुढच्या जाड काट्याचा छोटा तुकडा कापून मासा परत सोडता येतो. तुकडा सुकवून त्याचे पातळ काप काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले की आतली कडी ऐसपैस दिसतात, एकेक वर्ष बोटाने मोजता येईल अशी. वयात आल्यावर वाढ मंदावते आणि कडी एकमेकांवर दाटतात; बाहेरच्या कडेला तीन रेघा आहेत की पाच, यावर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नाही. आणि चूक बहुतेक वेळा एकाच दिशेने होते, म्हातारा मासा तरुण ठरतो. मग मृत्युदर फुगतो, वाढीचा दर फुगतो, आणि शेवटी कोटा फुगतो. म्हणून मी निरनिराळ्या माणसांकडून, एकमेकांचा आकडा न दाखवता, वय वाचून घ्यायला सांगतो.

लॉजिस्टिक समीकरणातली याहून मोठी गफलत वेगळीच आहे. त्यात प्रत्येक मासा सारखा आहे आणि आज घटलेल्या संख्येचा परिणाम आजच दिसतो. नदीत १५-२० वर्षांनी पहिल्यांदा अंडी घालणारी मादी असेल तर आज तुम्ही जे पिल्लू धरलंत त्याची उणीव २० वर्षांनी कळणार.

इथून ‘किती’पेक्षा ‘कुठले’ हा प्रश्न महत्त्वाचा होतो. एक काल्पनिक पिढी घ्या: ३ वर्षांचे १,००० मासे, प्रत्येकी १ किलो, म्हणजे १,००० किलो. दरवर्षी २० टक्के आपसूक मरतात. चौथ्या वर्षी उरले ८००, वजन प्रत्येकी २ किलो, एकूण १,६०० किलो. पाचव्या वर्षी ६४० मासे, ३.२ किलोचे, २,०४८ किलो. सहाव्या वर्षी ५१२ मासे, ४.३ किलोचे, जवळजवळ २,२०० किलो. सातव्या वर्षी वजन ५.२ किलो झालं तरी संख्या ४१० वर आल्याने एकूण २,१३० च्या आसपास. म्हणजे या पिढीला सहाव्या वर्षाआधी हात लावणं हा आपलाच तोटा. बेव्हर्टन आणि होल्ट यांनी १९५७ मध्ये हे गणित पक्कं बांधून दिलं. जाळ्याच्या आसाचा, म्हणजे छिद्राचा, आकार ठरवायला आजही तेच वापरतात, आणि ते योग्यच आहे.

पण हे गणित फक्त मांसाचं आहे, गाबोळीचं नाही. ते सांगतं की लहान सोडा, मोठा धरा. मोठ्या नदीच्या माशात मोठा मासा म्हणजे बहुधा मादी, आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा नुसत्या वजनाच्या हिशेबाहूनही जास्त अंडी देऊ शकते. किमान लांबीची अट घालून सगळा दाब या माद्यांवर टाकला की काही वर्षांनी लहान मासेच दिसेनासे होतात. म्हणून खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा घाला: मधल्या आकाराचा मासा धरायचा, लहान सोडायचा आणि फार मोठाही सोडायचा.

कोलंबिया नदीतला पांढरा स्टर्जन याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला हा सर्वांत मोठा मासा. १८९२ मध्ये तिथली पकड सुमारे २५ लाख किलोंवर गेली, आणि १९०० उजाडायच्या आत धंदा बसला. त्यानंतर किमान लांबीची अट आली, पण पुढची ५० वर्षं साठा जेमतेम तग धरून होता. १९५० मध्ये ६ फुटांपेक्षा, म्हणजे साधारण १८३ सेंटीमीटरपेक्षा, मोठा मासा ठेवायला बंदी झाली. त्यानंतरच्या काही दशकांत नदीच्या खालच्या पट्ट्यातला साठा परत उभा राहिला. नुसती वरची मर्यादा घालून लगेच फळ मिळालं नाही. वाचलेल्या माद्यांची पिल्लं मोठी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया इथे मरे कॉड या नदीतल्या माशासाठी ५५ ते ७५ सेंटीमीटर ही चौकट आहे, तीही याच विचारातून आलेली.

एक सावधगिरी. अशी चौकट गळाच्या मासेमारीत चालते, कारण नको तो मासा जिवंत सोडता येतो. अडकवणाऱ्या जाळ्यात मोठी मादी कल्ल्यांना फास बसून रात्रभर लटकली असेल तर सकाळी ती ‘सोडून देण्यात’ काही अर्थ नाही. तुमच्या नदीत मुख्यतः जाळी असतील तर आधी जाळं बदला, मग मर्यादा लिहा. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना सोडलेल्या माशांतलेही बरेच मरतात. ते पकडीतच धरायला हवेत.

आता मोजणी. वरचा सगळा डोलारा ‘मोजलेल्या साठ्याचे टक्के’ यावर उभा आहे, त्यामुळे मोजणी कच्ची तर सगळंच कच्चं. नेहमीची रीत म्हणजे खूण करून परत धरणं. ४०० माशांना खूण केली, नंतर ३०० धरले, त्यांतल्या १२ माशांना खूण सापडली: ४०० गुणिले ३०० भागिले १२, साठा १०,०००. लहान नमुन्यासाठीची चॅपमन यांची दुरुस्ती लावली तर सुमारे ९,२८०. ठीक. पण समजा खरं तर खूण केलेले १६ मासे जाळ्यात आले होते आणि चौघांची खूण गळून पडली होती. मग खरा साठा ७,५००, आणि तुम्ही तो एक तृतीयांशाने फुगवून १०,००० समजलात. म्हणून प्रत्येक माशाला दोन खुणा करा, एक बाहेर दिसणारी आणि एक त्वचेखालची चिप, म्हणजे किती खुणा गळतात तेही मोजता येईल. मच्छीमार खूण सापडल्याचं कळवत नाहीत तेव्हाही नेमकं हेच होतं. त्यांना कळवण्यात फायदा दिसला पाहिजे. नुसत्या आवाहनांनी भागत नाही.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे ‘एका जाळ्यामागे किती मासे’. समुद्रातही तो फसवतो, नदीत जास्तच. पाणी उतरलं की मोठे मासे मोजक्या डोहांत गोळा होतात. साठा निम्म्यावर आला तरी डोह भरलेलेच असतात, फक्त दहाऐवजी पाच डोह. मच्छीमाराला कोणता डोह भरलेला आहे ते पक्कं ठाऊक असतं, तो तिथेच जाळं टाकतो आणि जाळं पूर्वीसारखंच जड येतं. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या जाळ्यापुरतं ते खरंच आहे. म्हणून पकडीचा आकडा मागताना ‘किती’ सोबत ‘कुठे’ हेही लिहून घ्या. पूर्वी कोणत्या डोहांत मासा लागायचा आणि आता कुठे लागत नाही, ही यादी मला सरासरी पकडीपेक्षा जास्त सांगते.

मोजणीचा प्रश्न सगळ्यात देखण्या रीतीने कुठे सुटला असेल तर ब्राझीलच्या अ‍ॅमेझोनास राज्यात, मामिराउआ राखीव क्षेत्रात. तिथला पिरारुकू किंवा अरापाइमा हा मासा ३ मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि त्याला हवेतून श्वास घ्यावाच लागतो. दर काही मिनिटांनी तो पृष्ठभागावर येतो. मच्छीमार शांत बसून ठरावीक पट्ट्यात २० मिनिटं मोजतात. पाण्याच्या आवाजावरून आणि पाठीच्या झलकेवरून मोठा कुठला, लहान कुठला, हा आत्ता आलेलाच मघाशी आला होता का, हे ते ओळखतात. मत्स्यशास्त्रज्ञ लिआंद्रो कास्तेलो यांनी ही मोजणी शास्त्रीय पद्धतीने काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली तेव्हा ती चांगलीच जुळली. १९९९ पासून तिथे नियम असा: १.५ मीटरपेक्षा लहान मासा धरायचा नाही, विणीच्या काळात मासेमारी बंद, आणि आदल्या वर्षी मोजलेल्या प्रौढांपैकी ३० टक्क्यांपर्यंत कोटा. साठा काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढला.

पण हा ३० टक्के आकडा उचलून आपल्या नदीला लावू नका. अरापाइमा झपाट्याने वाढतो, ३ ते ५ वर्षांत वयात येतो आणि नर पिल्लांची राखण करतो. स्टर्जनसारख्या माशात ३० टक्के म्हणजे काही वर्षांत पाटी कोरी. मामिराउआकडून घ्यायचं ते हे की जे मासे धरतात तेच मोजतात, मोजणीवरून कोटा निघतो, आणि जास्त मासे राखले तर पुढच्या वर्षी त्यांचाच कोटा वाढतो. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये सॉकाय सॅमनसाठी तिसरीच पद्धत आहे. नदीकाठच्या मनोऱ्यांवरून वर जाणारे मासे मोजतात. विणीसाठी ठरलेले मासे वर गेले पाहिजेत, त्यापलीकडचे धरायचे. एकदाच वीण करून मरणाऱ्या माशासाठी ती उत्तम आहे, तुमच्या माशासाठी फारशी नाही.

राहिलं पाणी, आणि ते तुमच्या समीकरणात कुठेच नाही. १,००,००० ही वहनक्षमता स्थिर आकडा म्हणून लिहिली आहे, पण मोठ्या नदीत ती पुराबरोबर वर-खाली होते. पूर काठ ओलांडून पसरतो तेव्हा पिल्लांना खायला आणि लपायला जागा मिळते. युंक, बेली आणि स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये पूरस्पंदाची जी कल्पना मांडली ती हीच. म्हणून पूरमैदानाच्या मासेमारीत यंदाची पकड बऱ्याचदा मागच्या एक-दोन वर्षांच्या पुराशी जुळते. दीर्घायुषी माशात हीच गोष्ट ताणली जाते: एका चांगल्या पुराची पिढी पुढे १०-१५ वर्षं साठा ओढून नेते आणि मधली वर्षं रिकामी असतात. सरासरी वाढीचा दर अशा ठिकाणी फारसं काही सांगत नाही.

धरण बांधलं गेलं तर प्रश्न कोट्याच्या हातातूनच सुटतो. अमेरिकेतल्या कूटेने नदीवर लिबी धरण १९७० च्या दशकात सुरू झालं, वसंतातला मोठा प्रवाह गेला आणि तिथल्या पांढऱ्या स्टर्जनची नैसर्गिक पिल्लं जवळजवळ दिसेनाशी झाली. १९९४ मध्ये तो साठा धोक्यात आल्याचं अमेरिकेत कायद्याने जाहीर झालं. मोठे मासे अनेक वर्षं दिसत राहिले, फक्त दरवर्षी एका वर्षाने म्हातारे होत गेले. अशा ठिकाणी मासेमारी शून्य करूनही संख्या वाढत नाही. तिथे बोलणी धरण चालवणाऱ्यांशी करावी लागतात. नैसर्गिक मृत्युदरही स्थिर नसतो. कोलंबियात बॉनव्हिल धरणाखाली समुद्रसिंह येऊन मोठे स्टर्जन मारू लागले, तेव्हा माणसाचा हिस्सा तोच ठेवूनही एकूण मृत्यू वाढले. तिथे २०१४ मध्ये मासा ठेवायला बंदी घालावी लागली आणि २०१७ पासून मोजक्या दिवसांपुरतीच सूट मिळाली.

म्हणून तुमच्या नदीसाठी मी असं सुचवेन. पहिल्या मोजणीनंतर हिस्सा ५-६ टक्क्यांपेक्षा वर नेऊ नका, आणि वय वाचून मृत्युदर ५ टक्क्यांच्या जवळ निघाला तर त्याच्याही निम्म्यावर या. चौकट अशी आखा की पहिल्यांदा वीण करणारी मादी चौकटीच्या वरच्या मर्यादेबाहेर गेलेली असेल. साठा अंदाजित वहनक्षमतेच्या ४० टक्क्यांखाली गेला की हिस्सा कमी व्हायला लागेल आणि २० टक्क्यांखाली गेला की मासेमारी बंद होईल, हे आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मासे कमी झाल्यावर हा वाद काढलात तर तो मिटेपर्यंत आणखी दोन हंगाम जातात. आणि दरवर्षी, पकड कितीही चांगली असली तरी, बारीक आसाच्या जाळ्याने एक-दोन वर्षांची पिल्लं मोजायला वेगळी माणसं पाठवा. सलग चार-पाच वर्षं, त्यात एखादा चांगला पूर येऊन गेलेला असूनही, पिल्लं मिळाली नाहीत तर मोठ्या माशांचा आकडा बाजूला ठेवा आणि हिस्सा त्याच वर्षी थांबवा.